साळूला हाक मारा, मग बसा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. वामनराव, पेटीचा भाता मिटा. आख्यान लावण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्यानं दिलंत तर शेजारच्याशी भांडण लागेल आणि मला कीर्तन सोडून पंचायत करावी लागेल!

प्रश्न असा — एखाद्या माणसाचं नाव खरवडून काढलं आणि त्याच जागी देवाचं नाव लिहिलं, तर ती भक्ती की चोरी?

हां! पुढच्या रांगेतल्या दोन-चार माना खाली गेल्या. म्हणजे प्रश्न बरोबर घरी पोचला.

तुमच्या साखरकोंडच्या धक्क्यावर एक जुनी होडी उलटी घालून ठेवलीय. देवस्थान कमिटीनं गेल्या महिन्यात विकत घेतली. जत्रेला देवीची पालखी तीत बसून खाडीत फिरणार. छान! देवीलाही थोडं वारं लागू दे, गाभाऱ्यात किती दिवस कोंडून घ्यायचं तिनं! पण आज दुपारी अध्यक्ष भाऊसाहेब मला म्हणाले, "बुवा, होडीचं नाव बदलतोय आपण. 'श्री कालेश्वरी कृपा'. पाटी रंगवून आलीय. कीर्तनात तेवढं जाहीर करून टाका. जुनं नाव काही बरं दिसत नाही."

मी विचारलं, "जुनं काय होतं?"

"साळू."

"मग? वाईट काय त्यात?"

भाऊसाहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "तुम्ही बाहेरगावचे, बुवा. तुम्हाला नाही कळायचं."

कळलं, भाऊसाहेब! तुमच्याच गावात, तिन्हीसांजेच्या आत कळलं. आणि आता तेच आख्यान लावतो. बसा, बसा, उठू नका. पाय दुखत असतील तर मांडी बदला, जागा बदलू नका!

तर ऐका. ही गोष्ट पुलाच्या आधीची. मोटाररस्त्याच्याही आधीची. खाडीच्या या काठाला साखरकोंड, त्या काठाला उंबरशेत, आणि मधे एकच होडी — धाकू तांडेलाची. धाकू जातीचा खारवी, हाताचा पक्का, तोंडानं गरीब. पैलतीरी एक बाई राहायची, साळू नाव. सुईण होती. गावकुसाबाहेर घर. कुठल्या जातीची ते तुम्हाला कळलंय, तोंडं वाकडी करू नका!

दोन्ही काठांवर जे मूल जन्माला यायचं ते आधी साळूच्या हातात यायचं, मग आईच्या. आडवं आलेलं मूल ती पोटावरून नुसता हात फिरवून सरळ करायची. इथल्या बाया जात्यावर म्हणायच्या —

साळू सुईणीचा हात, मऊ लोण्याच्या गोळ्यावाणी
दोन्ही काठांची लेकरं, तिनं झेलली ओंजळीनी

बघा हं मंडळी, गंमत बघा! जन्माला येताना तिचा हात चालतो. तेव्हा विटाळ नाही. त्या हातावर तुम्ही रडलात, ओरडलात, आणि नको ते सगळं केलंत — तेव्हा सोवळं कुठं होतं? बाराव्या दिवशी पाळणा हलला, कानात कुर्र झालं, की मात्र तोच हात दारात नको! वा रे शास्त्र! हे शास्त्र लिहिणारा कुणाच्या हातावर जन्मला होता, ते त्याच्या आईला विचारायला पाहिजे होतं.

तर एके दिवशी धाकूच्याच बायकोला कळा लागल्या. इथं, साखरकोंडात. मूल पायाळू. धाकू होडी घेऊन उंबरशेतला गेला साळूला आणायला. आणि नेमका बाजारचा दिवस! होडी भरलेली. साळू आली, बटवा काखेला मारून. एक पाय होडीत टाकणार — आणि आतून आवाज आला, "ए तांडेला! ही बसणार असली तर आम्ही उतरतो!"

एक बोलला. मग दुसरा. मग सगळे. "आम्ही उतरतो, आम्ही उतरतो!"

मंडळी, एकही उतरला नाही हं! नुसतं म्हणाले. उतरायला कोण तयार आहे? धमकी देणाऱ्याच्या बुडाखालची फळी कधी हलत नाही.

धाकूनं मान खाली घातली. म्हणाला, "साळू, ओहोटी लागलीय. तू मागनं चालत ये."

साळू म्हणाली, "तांडेला, बायको तुझीच हाय न्हवं?"

धाकूनं वल्हं मारलं. त्याच्याच बायकोच्या जिवाचा प्रश्न, होडी त्याच्याच मालकीची, हात त्याचेच — आणि भ्याला! कुणाला? भाड्याचा आणा देणाऱ्या पंधरा माणसांना!

साळू चालत आली. चालत म्हणजे, कमरेएवढ्या चिखलातून. कालवांच्या शिंपल्यांच्या धारेनं पाय चिरले. पण आली. पायाळू मूल सुखरूप बाहेर काढलं, बाईला वाचवलं. अंगणाच्या कडेला बसून, लांबून टाकलेली पेज प्याली. आणि निघाली परत. तिची लेक चंद्रा, नऊ वर्षांची पोर, घरी एकटी होती ना!

आता भरती लागली होती. साळू धक्क्याच्या खाली उभी राहिली. होडीची एक खेप गेली. "पुढच्या खेपेला बघू." दुसरी गेली. "जरा थांब गो." तिसरीला तिनं पदर खोचला आणि पाण्यात उतरली.

परत दिसली नाही.

दिवेलागणीला पैलतीरावरनं हाक ऐकू आली. चंद्राची. "आये ऽऽऽ! ए आये ऽऽऽ!" खाडीवर हाक कशी येते ठाऊक आहे ना? घासून, लखलखीत होऊन येते. इकडं धाकू तांडेल नवं मूल मांडीवर घेऊन बसला होता. आत बायको जिवंत. पाळण्याची तयारी. आणि पाण्यावरनं ती हाक! एकदा नाही, दोनदा नाही. तिचा घसा बसेपर्यंत.

साळूचं प्रेतसुद्धा मिळालं नाही, मंडळी. माती देता आली नाही. चंद्राला आईचं म्हणून दाखवायला एक दगडसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी धाकूनं होडी काठावर ओढली. स्वतःला अक्षरओळख नव्हती. शाळामास्तरांकडनं कोळशानं नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, लिहून घेतलं आणि पटाशी घेऊन स्वतः कोरलं. साळू. बोटभर खोल! होडी पाण्यात ढकलली आणि धक्क्यावर उभं राहून म्हणाला — आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला असेल तो — "आजपासनं होडी हवी असंल त्यानं काठावरनं हिला नावानं हाक मारायची. साळूला हाक मारा, मग बसा. हाक नाही, तर वल्हं पाण्यात पडणार नाही. आणि होडीत कोणी कुणाला उतर म्हणायचं नाही!"

अहो, काय गदारोळ झाला! "आम्ही? त्या बाईचं नाव? मोठ्यानं? चारचौघांत?" आठ दिवस दोन्ही काठांची प्रतिष्ठित मंडळी खाडीला वळसा घालून चालत गेली. सात कोसांचा वळसा! धर्म असा पायाला बांधला होता त्यांनी. नवव्या दिवशी एका सावकाराची कोर्टात तारीख लागली. पायाला ही टरटरून फोड! आला काठावर. आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं. आणि तोंडावर उपरणं धरून म्हणाला, "साळू..."

धाकू म्हणाला, "ऐकू नाही आलं, सावकार!"

"साळू!"

"वारा उलटा आहे बहुतेक."

"साळू ए ऽऽऽ!"

"आलो, आलो!"

हसा! हसायचीच गोष्ट आहे. त्या दिवसापासून दोन्ही काठांवरून दिवसातनं पन्नास वेळा हाक जायला लागली. भटजी मारायचे, खोताची माणसं मारायची, नव्या नवऱ्या मारायच्या. जिला होडीत बसू दिलं नाही, तिचं नाव घेतल्याशिवाय कुणाला होडीत बसता येईना! आणि पैलतीरी, काठालगतच्या खोपटात चंद्रा मोठी होत होती. तिचं लग्न झालं, लेक झाली, नवरा वारला. ती त्याच खोपटात राहिली. का? तर तिथं दिवसभर आईच्या नावाची हाक ऐकू यायची. दगड नव्हता तिच्याजवळ, माती नव्हती. एवढंच होतं. एक हाक!

धाकू थकला. होडी विकली हसन दालद्याला. हसनला लोक म्हणाले, "आता तू मालक. तुझ्या पिराचं नाव घाल." हसन म्हणाला, "पिराला नावाची कमी नाही. ह्या बाईला एवढं एकच ठिकाण आहे." बघा! कुराण वाचणाऱ्याला जे कळलं ते पोथी वाचणाऱ्यांना कळलं नाही. हसननं बावीस वर्षं होडी चालवली, पाच फळ्या बदलल्या, नाळेची फळी तशीच ठेवली.

मग आले आबाजी खोत! उतारूंच्या मक्त्याचा लिलाव झाला, मक्ता खोतानं घेतला. मक्ता नाही तर हसनला होडी काय, लोणचं घालायला? त्यानं ती खोतालाच विकली आणि स्वतःच्याच होडीवर पगारी वल्हवणारा झाला. खोतानं पहिलं काम काय केलं असेल? भोकं बुजवली? छे! कोरलेल्या अक्षरांत राळ भरली, वरनं हिरवा रंग फासला आणि लिहिलं — 'श्रीनारायणप्रसाद'. लोकांना सांगितलं, देवाचं नाव आहे. आणि खोताच्या वडिलांचं नाव काय होतं? नारायणराव! देवाचं म्हणून सांगायचं आणि बापाचं लावायचं! भाऊसाहेब, पाणी हवंय का? द्या रे त्यांना पाणी.

खोताचा हुकूम सुटला. "जुन्या नावानं हाक मारील त्याला होडीत घ्यायचं नाही. आणि तो माझ्या जमिनीवर राहत असेल तर त्याचं खोपट राहणार नाही."

आता मला सांगा, लोकांनी काय केलं असेल? गावच्या गाव त्या होडीनं जात होतं. नाव कोणामुळं पडलं ते पोराटोरांना माहीत होतं. भांडले? नाही! बरं, खोताचं नाव घेतलं? तेही नाही, ते चार कोस लांबीचं नाव जिभेवर बसेना आणि मनालाही पटेना. मग काय केलं, तर — फडकी हलवायला लागले! काठावर उभं राहायचं आणि मुकाट्यानं पंचा हलवायचा! खोत नाराज नको, मेलेली बाई नाराज नको. खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं उभी, तोंडं मिटलेली, फडकी हलतायत! जिवंत माणसांचा गाव की बुजगावण्यांचा?

आणि चंद्राच्या खोपटात शांतता. एक दिवस, चार दिवस, महिना. ती काठावर यायची, लोकांची तोंडं बघायची. एकाला म्हणाली, "भाऊ, एकदा मार की रं हाक." तो म्हणाला, "आज्ये, आमचं पोटपाणी आहे." पोटपाणी! पोट सगळ्यांना असतं हो. तिला नव्हतं?

मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळचं धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. पैलतीरी भिवा कुंभाराला फुरसं चावलं. भाऊ त्याला बाजेवर घालून काठावर घेऊन आले, धोंडू आणि म्हादू. वैद्य इकडं साखरकोंडात. होडीही इकडच्या धक्क्याला, हसन वल्हं मांडीवर घेऊन बसलेला, कान देऊन. आणि पलीकडं हे दोघे काय करतायत? धुक्यात पंचा हलवतायत!

अरे मूर्खांनो! धुक्यात पंचा कुणाला दिसतो? पण सवय! भीतीची एकदा सवय लागली की माणूस आंधळ्यालासुद्धा हातवारे करतो. मग धोंडूनं आवाज काढला, "श्री... नारायण... प्रसाऽद!" गेला विरून धुक्यात. हसनला वाटलं, कोणी स्नानाला आलाय, स्तोत्र म्हणतोय! भिवाच्या हिरड्यांतनं रक्त यायला लागलं होतं.

चंद्रा खोपटातनं बाहेर आली. साठीची म्हातारी. बाजेकडं बघितलं. तिला काय ठाऊक नव्हतं? तोंड उघडलं की डोक्यावरचं छप्पर जाणार, हे पुरतं ठाऊक होतं. गुडघाभर पाण्यात शिरली, तोंडाशी हात धरले आणि —

"साळू ए ऽऽऽ! ए साळू ऽऽऽ!"

धुकं फाडून गेली ती हाक! हसननं वल्हं मारलं ते असं, की खोताचा हुकूम मागं धक्क्यावरच राहिला. भिवा वाचला, मंडळी. वैद्यानं वाचवला, हसननं वाचवला, आणि त्यांच्याआधी चंद्रानं वाचवला.

दुसऱ्या दिवशी खोत आले. "काल हाक कोणी मारली?"

धोंडू उभा. म्हादू उभा. घरात भाऊ जिवंत पडलेला. खोतानं विचारलं, "तुम्ही होतात ना तिथं?"

धोंडू म्हणाला, "धुकं होतं, मालक. काही ऐकू आलं नाही."

ऐकू आलं नाही! धुक्यात दिसत नाही रे, ऐकू न यायला काय झालं होतं? अशा माणसांच्या कानांत राळ कोणी भरली होती? खोतानं? खोताला तेवढी राळ परवडली नसती. ती ज्याची त्यानं भरली होती!

चंद्रा पुढं आली. म्हणाली, "मी मारली."

"हुकूम ठाऊक होता?"

"व्हता. पर मालक, लेकीनं आईला हाक मारायची, तर खोताला इचारायचं?"

उत्तर नसलं की असली माणसं काय करतात? ताकद वापरतात. दुपारपर्यंत खोपट मोडलं. एक पातेलं, एक गोधडी आणि चंद्रा — निघाली लेकीच्या गावी, डोंगराच्या पल्याड. आणि उंबरशेतची माणसं काय करत होती? घराच्या दारातनं बघत होती. एकानं तिला पाणी विचारलं नाही. धोंडूनं नाही, म्हादूनं नाही.

एकच माणूस हलला. हसन. त्यानं वल्हं नेऊन खोताच्या ओसरीवर ठेवलं. "वल्हं तुमचं आहे, खोतसाहेब. हात माझे आहेत, ते मी नेतो." संपलं! होडी धक्क्याला बांधलेली. वल्हवायला दुसरा कोणी तयार होईना, त्या भरतीची नस कुणाला सापडते?

तिसऱ्या दिवशी बाजार. साखरकोंडच्या बाया टोपल्या घेऊन धक्क्यावर. मासळी, भाजी, नारळ. ऊन चढलं, मासळी वास मारायला लागली. आणि जनी भंडारीण, तोंडाची तलवार, धक्क्यावर आलेल्या खोताला म्हणाली, "आबाजीनू, तुमचं नाव लांब हाय नि आमच्या टोपल्या जड हायत! आमाला साळू परवडते!" टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन ओरडली, "साळू ए ऽऽऽ!" मग दुसरी. मग चाळीस बाया! पलीकडनं बुजगावण्यांनाही कंठ फुटला. हसन घरातनं आला, खोताच्या ओसरीवरनं वल्हं उचललं आणि होडी सोडली. खोत बघत राहिले. चाळीस बायांची खोपटं एका दिवसात मोडता येत नाहीत, एवढा हिशोब त्यांना येत होता.

हरलो असं खोत कधी म्हणाले नाहीत. फक्त पुढच्या वर्षी रंग परत लावला नाही. हिरवा रंग निघाला, राळ गळाली, आतलं 'साळू' वर आलं. पुढं होडी मच्छीमार सोसायटीनं घेतली, तिला यंत्र बसलं. मग पूल झाला. आता देवस्थानानं घेतली. मालक किती झाले? मोजू नका. नाव एकच!

वाजवा टाळ्या. वाजवा, वाजवा! मला ठाऊक आहे तुम्हाला बरं वाटतंय. सत्याचा जय झाला, गोष्ट संपली, आता आरती, मग प्रसाद. थांबा! संपलेली नाही.

हसन महिन्याभरानं डोंगर चढून चंद्राला भेटायला गेला. म्हणाला, "आपा, जिंकलीस! दोन्ही काठांवरनं तुझ्या आईला परत हाका मारतात."

चंद्रानं विचारलं, "आनि मला? मला कुनी हाक मारली?"

कोणीच मारली नव्हती! नाव परत आणलं, कारण नावाशिवाय बाजार अडला होता. म्हातारीशिवाय कुणाचं काही अडलं नव्हतं. खोपट परत बांधून द्यायला चार बांबू आणि दोन दिवस लागले असते. कोणी दिले नाहीत. चंद्रा तिकडंच, डोंगरापल्याड, खाडीचा आवाज न ऐकता मेली.

खोताला शिव्या द्यायला मजा येते, मंडळी. मलाही येते. पण खोत एकच होता. बाकी सगळे तुम्ही होतात! तुमचे आजे, पणजे. त्यातलीच निम्मी माणसं साळूच्या हातावर जन्मली होती.

आता भाऊसाहेब, स्पष्ट सांगतो. ते नवं नाव मी जाहीर करणार नाही. बिदागी नको, नारळ नको. ती पाटी तुम्ही ठोकाल की चुलीत घालाल, ते गावानं ठरवायचं. देवीला विचारायचं असेल तर तिला विचारा — ती बाई आहे, बाळंतपण काय असतं ते तिला कळतं.

पण माझं सांगणं पाटीचं नाहीच. ही सगळी गोष्ट मला सांगितली इंदूनं. तुमच्या आरोग्यकेंद्रातली नर्स. दोन वर्षं झाली तिची इथं बदली होऊन. तुमच्या सुनांची बाळंतपणं करते, तुमच्या नातवंडांना डोस पाजते. चंद्राची नात आहे ती. साळूची पणती! आज कीर्तनाला आलीय. मी मघापासून बघतोय. पुढं जाजम अंथरलंय, मधे चार माणसांची जागा मोकळी आहे. आणि ती कुठं बसलीय? मंडपाच्या बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी. कोणी तिला तिथं बस म्हणालं नसेल. कबूल! पण कोणी आत ये तरी म्हणालं का?

मी म्हणणार नाही. मी उद्या सकाळच्या एस्टीनं जाईन. माझ्या म्हणण्याला काय किंमत? तिला तुमच्यात राहायचंय.

वामनराव, पेटी नको. मृदंग नको. आरतीचं तबक खाली ठेवा, कापूर पेटवू नका. देवीला घाई नाही.

हं. मंडळी — मारा हाक.